गल्लीला ठाऊक, फक्त तिलाच नाही: दत्तक, घरातली गुपितं आणि मानसशास्त्रीय रहस्यकादंबऱ्या

आमच्या कोल्हापुरातल्या, राजारामपुरीतल्या वाचनकट्ट्यावर गेल्या पावसाळ्यात एक अनुवादित कादंबरी हातोहात फिरली. आई गेल्यावर माळा आवरताना मुलीला पत्र्याच्या ट्रंकेत एक जन्मदाखला सापडतो. तारीख तिचीच, पण आईच्या नावाच्या जागी दुसरंच नाव. तिथून पुढची तीनशे पानं तिला घरातला एकेक माणूस अनोळखी वाटू लागतो. कादंबरीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण आता नाव सांगितलं तर निम्मी गोष्ट फुटल्यासारखं होईल. शिवाजी पेठेतून येणाऱ्या आमच्या एक काकू आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. पुस्तक परत देताना त्या म्हणाल्या, "वाचलो सगळं. दोन रात्री झोप नाही. खरं मला एक कळंना झालंय. दत्तक घेतलं तर घेतलं, त्यात एवढं लपवायचं काय? आपल्याकडं तर राजेच दत्तक आलेत की."

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. या कादंबऱ्या आपल्याला का धरून ठेवतात हे समजून घ्यायचं तर सुरुवात काकूंच्या प्रश्नापासूनच करायला हवी.

१७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव हा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. तेव्हा त्याला दहावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाई राणीसाहेबांनी त्याला मांडीवर घेतलं आणि त्याचं नाव शाहू झालं. जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे हे सगळ्या संस्थानाला माहीत होतं. ते लपवावं असं कुणाच्या मनातही आलं नसेल, कारण दत्तकविधान हा चारचौघांत, साक्षीदारांसमोर करायचा विधी होता. दत्तक जितकं उजेडात होईल तितकं ते पक्कं. आपल्या शेजारच्या साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करूनच खालसा केली होती, पुढे झाशीचंही तेच झालं. त्यामुळे दत्तक घेणाऱ्यांना उलट धास्ती असायची ती जगाला पुरेसं कळलं नाही तर काय, याची. दत्तक या शब्दातच 'दिलेला' हा अर्थ आहे. देणारे आईबाप समोर बसलेले आहेत, घेणारे समोर बसलेले आहेत, आणि मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जातं.

मग ट्रंकेतला कागद आला कुठून?

तो दुसऱ्या प्रकारच्या दत्तकाबरोबर आला. जुनं दत्तक वारसासाठी होतं, बहुधा नात्यातलं, आणि मुलग्याचंच. मुलगी दत्तक घेण्याला कायद्याची सर्वसाधारण मान्यता १९५६ मध्ये मिळाली. आईबाप होण्यासाठी, संस्थेतून, कुळगोत्र ठाऊक नसलेलं तान्हं बाळ घरी आणायचं ही पुढच्या काळातली गोष्ट. त्या बाळाबरोबर दोन बायकांची लाज घरात शिरते. एक घेणारीची, कारण तिला 'मूल होत नाही' असं लोक म्हणतात. दुसरी देणारीची, कारण बहुतेकदा तिचं लग्न झालेलं नसतं. पुरुषांच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही. गुपित या दोन लाजांचं बनतं, दत्तकाचं नव्हे. कादंबरी वाचताना मी आता पहिल्यांदा हेच शोधते की घरात कुणाची लाज झाकली जातेय. ते सापडलं की निम्मी कादंबरी उलगडते.

या प्रकाराला मानसशास्त्रीय रहस्यकादंबरी म्हणतात, म्हणजे नेमकं काय, हे जरा स्पष्ट करते. मराठीत रहस्यकथा म्हटलं की बाबूराव अर्नाळकर आठवतात: गुन्हा घडतो, हुशार माणूस येतो, धागेदोरे जोडतो आणि गुन्हेगार पकडतो. तिथं धोका बाहेरून येतो आणि शोधणारा माणूस घरचा नसतो. आपण आज बोलतोय त्या कादंबरीत शोधणारी घरचीच असते आणि संशय तिच्या स्वतःच्या आठवणींवर असतो. 'ही माझी आई नसेल, तर मला ताप आला असताना रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणारी बाई कोण होती?' हा प्रश्न कुठल्याही गुप्तहेराला पडणार नाही. इथं प्रेतही लागत नाही. एक न बोललेलं वाक्य पुरतं.

मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात जर्मन भाषेतल्या एका शब्दाकडे लक्ष वेधलं होतं. त्या शब्दाचा एक अर्थ 'घरचं, ओळखीचं' असा होतो आणि दुसरा 'लपवून ठेवलेलं' असा. त्याचं म्हणणं असं की सगळ्यात खोल भीती परक्या गोष्टीची नसते. ओळखीची गोष्ट अचानक परकी होते तेव्हा ती वाटते. हे समजायला आपल्याला जर्मन यायची गरज नाही. 'घरातलं घरातच राहू दे' असं आपण म्हणतो तेव्हा घर आणि गुपित हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात शेजारी बसलेले असतात.

आता तंत्राकडे येते, कारण इथं खूप वाचकांचा गोंधळ होतो. धक्का आणि उत्कंठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिनेमा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या गाजलेल्या मुलाखतीत याचं उदाहरण दिलं होतं. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतायत आणि एकदम खालचा बॉम्ब फुटतो. हा धक्का, पंधरा सेकंदांचा. पण बॉम्ब खाली आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं, तर त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटं अंगावर काटा आणतात. ही उत्कंठा.

दत्तकाच्या कादंबऱ्यांत दोन्ही जाती सापडतात. धक्क्याच्या कादंबरीत शेवटच्या प्रकरणात कळतं की ती दत्तक आहे. अशी कादंबरी एकदाच वाचता येते. उत्कंठेच्या कादंबरीत आपल्याला पहिल्या वीस पानांतच अंदाज येतो, आणि मग प्रत्येक जेवणाच्या पंगतीत, प्रत्येक वाढदिवसाला आपण श्वास धरून बसतो: कोण बोलून जाणार? माझं मत विचाराल तर चांगल्या कादंबऱ्या सगळ्या दुसऱ्या जातीच्या आहेत.

याचा पुरावा फार जुना आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नाटकातला इडिपस हा कॉरिंथच्या राजाराणीने वाढवलेला मुलगा. त्याला स्वतःला ते ठाऊक नाही. एका मेजवानीत दारू प्यालेला माणूस बोलून जातो की तू तुझ्या बापाचा खरा मुलगा नाहीस. आईबाप त्या माणसावर चिडतात, मुलाची समजूत घालतात. पण कानात गेलेलं बाहेर येत नाही. तो देवळात कौल लावायला जातो, तिथं त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळतच नाही, भलतंच भाकीत मिळतं, आणि पुढचा सगळा अनर्थ घडतो. नाटक बघणाऱ्या अथेन्सच्या लोकांना ही कथा आधीपासून माहीत होती. त्यांच्यासाठी त्यात धक्का काहीच नव्हता. ते बघत होते की याला कधी कळतं आणि त्याच्या आधी कुणाला कळतं. त्याच्या बायकोला, योकास्तेला (तीच त्याची जन्मदात्री), त्याच्या आधी उमगतं आणि ती विनवते की आता पुढे विचारू नकोस. आजच्या कादंबऱ्यांतली 'जाऊ दे गं, जुनं कशाला उकरून काढतेस' म्हणणारी आत्या किंवा मावशी ही तिचीच वारस.

आपल्याकडे तर कर्ण आहे. कुंतीने नदीत सोडलेला, अधिरथ आणि राधेने वाढवलेला. युद्धाआधी कृष्ण त्याला रथात घेऊन त्याच्या जन्माचं सांगतो तेव्हा आपल्याला वाटतं की आता हा हादरणार. पण महाभारतातला कर्ण म्हणतो, हे सगळं मला ठाऊक आहे. मग तो राधेबद्दल बोलतो. मला पाहताच तिला पान्हा फुटला, तिने माझं मलमूत्र काढलं, तिचा पिंड मी कसा तोडू? आणि शेवटी कृष्णालाच विनंती करतो की आपलं हे बोलणं बाहेर जाऊ देऊ नकोस, युधिष्ठिराला कळलं तर तो राज्य घेणार नाही. ज्याच्यापासून गुपित राखलं असं सगळे समजत होते, तोच ते राखायला सांगतो. पांडवांना कळतं ते युद्ध संपल्यावर, गंगेवर मृतांना जलांजली देताना, जेव्हा कुंती म्हणते की कर्णालाही पाणी द्या. युधिष्ठिर तेव्हा इतका कोसळतो की बायकांच्या पोटात यापुढे गुपित राहणार नाही असा शापच देऊन बसतो. मला त्याचा हा शाप कायम अन्यायाचा वाटत आलाय. एका मुलीने एवढं ओझं आयुष्यभर एकटीने वाहिलं, आणि दोष पुन्हा तिच्याच जातीला.

इथं कोल्हापूरकर म्हणून मला एक गोष्ट आवर्जून सांगायचीय. ही कथा मराठीत घराघरांत पोचवणारा माणूस आपल्या जिल्ह्यातला. आजऱ्याचे शिवाजी सावंत. कोल्हापुरात राजाराम हायस्कूलमध्ये ते शिकवत होते त्याच काळात, १९६७ मध्ये, 'मृत्युंजय' प्रकाशित झाली. तिला कुणी रहस्यकादंबरी म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. पण तिची बांधणी आठवा. कर्ण बोलतो, मग कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. सगळे 'मी' म्हणून. तेच दुःख सहा तोंडांनी ऐकताना प्रत्येकाला किती माहीत आहे आणि किती नाही याचा हिशेब वाचकाच्या मनात आपोआप चालू राहतो. आज जगभरच्या मानसशास्त्रीय रहस्यकादंबऱ्या ही पद्धत वापरतात: एक प्रकरण मुलीचं, एक आईचं, एक त्या तिसऱ्या बाईचं. तंत्राच्या नावाने आपण बिचकतो, पण मराठी वाचकाने ते साठ वर्षांपूर्वीच पचवलेलं आहे.

'मी'ने सांगितलेल्या गोष्टीत अजून एक खुबी असते. निवेदकावर किती विश्वास ठेवायचा? कधी निवेदक वाचकाशी खोटं बोलतो, कधी त्याची स्मृतीच दगा देते. पण दत्तक गेलेल्या निवेदिकेची अडचण निराळी. ती खरंच बोलत असते, फक्त तिला जे सांगितलं गेलं तेच खोटं असतं. 'मी दवाखान्यात जन्मले तेव्हा बाहेर मुसळधार पाऊस होता' हे आपल्यापैकी प्रत्येकजण सांगतो, पण आठवत कुणालाच नसतं. आपला जन्म आपल्याला दुसऱ्यांनी सांगितलेला असतो. ही कादंबरी त्या साध्या गोष्टीवर बोट ठेवते, म्हणून ती दत्तक नसलेल्या वाचकालाही हलवते.

लहानपणी आपण सगळ्यांनीच हे थोडंसं अनुभवलेलं असतं. मोठी भावंडं चिडवायची, 'तुला बोहारणीकडून जुन्या साडीवर घेतलंय'. आमच्या घरात त्याचं रूप होतं, 'तुला जोतिबाच्या यात्रेतनं उचलून आणलंय'. फ्रॉइडने १९०९ मध्ये लिहिलं होतं की मुलांना एका वयात असं वाटतंच की हे आपले खरे आईबाप नव्हेत, आपले खरे आईबाप कुणीतरी थोर असणार. ओरडा खाल्ल्यावर अशी कल्पना करून पाहायची आणि मग विसरून जायचं. दत्तक मुलाला ती विसरता येत नाही, कारण त्याच्या बाबतीत खरोखरच दुसरी माणसं कुठेतरी आहेत. मानसशास्त्रात १९६४ मध्ये सँट्स यांनी या अवस्थेबद्दल लिहिलं. आपला वंश ठाऊक नसल्याने येणारं भांबावलेपण, असं तिचं वर्णन करता येईल. आरशात पाहिल्यावर हे नाक कुणाचं, हा प्रश्न बाकीच्यांना गमतीचा वाटतो. त्याला उत्तरच नसेल तर तो गमतीचा उरत नाही.

त्याच वर्षी एच. डेव्हिड कर्क या समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः दत्तक मुलांचा बाप होता, एक महत्त्वाची गोष्ट मांडली. दत्तक कुटुंबं दोन वाटांनी जातात. काही म्हणतात, 'आमच्यात आणि इतरांत काडीचा फरक नाही'. काही फरक मान्य करतात आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलतात. त्याच्या मते नातं जास्त मोकळं राहतं ते दुसऱ्या वाटेने. मला या विषयातलं सगळ्यात उपयोगी वाक्य हेच वाटतं, कारण पहिल्या वाटेने जाणारे आईबाप वाईट नसतात. ते अतोनात प्रेमाने गप्प बसतात. चांगल्या कादंबरीत खलनायक सापडत नाही तो यामुळे.

आणि मुलाला सांगायचं कधी? डेव्हिड ब्रॉडझिन्स्की या मानसशास्त्रज्ञाने मुलांना दत्तक म्हणजे काय हे कसकसं उमगत जातं याचा अभ्यास केला. चार वर्षांचं मूल 'मी दत्तक आहे' असं आनंदाने सांगतं, पण ते त्याला गाण्याच्या ओळीसारखं पाठ असतं. सहा-आठ वर्षांचं झालं की त्याच्या लक्षात येतं, यांनी मला घेतलं म्हणजे आधी कुणीतरी मला दिलं. त्या वयात हसरं मूल एकदम गप्प होतं आणि आईबापांना वाटतं आपलं काही चुकलं. म्हणजे एकदा सांगितलं की झालं, असं हे नाही. वयागणिक ते पुन्हा सांगावं लागतं. कादंबऱ्यांमध्ये मात्र सगळं एकाच रात्री, एकाच वादळात, लाइट गेलेली असताना कळतं. ती कादंबरीची सोय आहे, आयुष्याची रीत नाही.

आता पुन्हा गल्लीकडे येते. परदेशी कादंबऱ्यांतलं गुपित कागदात असतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी विसाव्या शतकात दत्तक मुलाचा मूळ जन्मदाखला सीलबंद केला आणि दत्तक आईबापांच्या नावाचा नवा दाखला दिला. इंग्लंड-वेल्समध्ये १९७५ च्या कायद्याने अठराव्या वर्षी मूळ दाखला मागण्याचा हक्क मिळाला. त्यामुळे तिकडच्या कादंबरीत नायिका एका कचेरीच्या दारात उभी असते आणि आत तिची फाइल असते. अलीकडे थुंकी पाठवून होणाऱ्या डीएनए तपासणीने ती फाइलही निकालात काढली. नाताळची भेट म्हणून आलेल्या डब्यातून अनोळखी बहीण निघते.

आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे गुपित माणसांत असतं. बाळ घरी आलं त्या दिवशी रिक्षातून कोण उतरलं हे समोरच्या दुकानदाराने पाहिलेलं असतं. पोट कधी दिसलं नाही हे शेजारणीला ठाऊक असतं. दूधवाल्याने एका दिवसात अर्धा लिटर वाढवलेलं असतं. भावकीला तर तारीखवार माहीत असतं, कारण प्रश्न सातबाऱ्यावरच्या नावाचा असतो. सगळ्या गल्लीला माहीत, फक्त तिलाच नाही. आणि गंमत म्हणून नव्हे, तर मायेने सगळी गल्ली गप्प असते, वीस-वीस वर्षं. हिचकॉकचा बॉम्ब इथं टेबलाखाली लपवावाच लागत नाही. तो टेबलावर सगळ्यांसमोर ठेवलेला असतो आणि सगळे त्याच्याभोवती चहा पीत असतात.

माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत असंच झालं. हळदीच्या दिवशी, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात, दारात मांडव. गावाकडून आलेल्या एक म्हाताऱ्या आजी तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "कुठली कोण पोर, कशी सोन्यासारखी वाढवली बघा." त्यांच्या मनात कौतुकच होतं. पण क्षणभर सगळ्या बायका थांबल्या. हळद वाटणारीचा हात थांबला. मामी स्वयंपाकघरात निघून गेल्या. बहीण हसून म्हणाली, "आजी, हळद लावा की." त्या रात्री मामा-मामींनी तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं. ते पुढे येईलच.

मराठीत कुणी कोल्हापूरची अशी कादंबरी लिहायला घेतली तर मी म्हणेन, ट्रंक आणि जन्मदाखला विसरा. पंगत घ्या, हळद घ्या, बाराव्याचं जेवण घ्या. जिथं माणसं जमतात आणि बोलतात तिथं आपली गुपितं राहतात आणि तिथंच ती निसटतात.

तरीही काही बाबी लेखकाने पक्क्या करून घ्यायला हव्यात, नाहीतर जाणकार वाचक पहिल्या प्रकरणातच पुस्तक मिटतो. रक्तगटाचं घ्या. आई आणि वडील दोघंही ओ गटाचे असतील तर मूल ए, बी किंवा एबी होत नाही, आणि एकजण एबी असेल तर मूल ओ होत नाही. हा नियम कादंबरीकारांचा लाडका आहे: अपघात, दवाखाना, रिपोर्ट, आणि बिंग फुटलं. पण १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक दुर्मिळ रक्तगट नोंदवला, त्याला बाँबे ग्रुपच म्हणतात. अशा माणसाचं रक्त साध्या तपासणीत ओ दिसतं, पण त्याच्या जनुकांत ए किंवा बी दडलेला असू शकतो आणि तो मुलात उतरू शकतो. म्हणजे नुसत्या रक्तगटाच्या कागदावरून 'तू आमची नाहीस' असं ठरवणारं पात्र सपशेल चुकू शकतं. या एका गोष्टीवर एक अख्खी मराठी कादंबरी उभी राहील, आणि ती आपल्याच मातीतली असेल.

कायद्याचंही तसंच. 'सत्य' कळल्यावर बाप दत्तक मुलाला बेदखल करून दत्तक रद्द करतो हा प्रसंग मी कितीदा तरी वाचलाय. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार वैध दत्तक रद्दच करता येत नाही, ना आईबापाला, ना मुलाला. दत्तक गेलेल्याचे जन्मघराशी वारसाहक्काचे संबंध तुटतात, फक्त आधीच त्याच्या नावावर आलेली मालमत्ता त्याच्याकडे राहते. एक गोष्ट मात्र तुटत नाही: जन्मघरात ज्यांच्याशी लग्न निषिद्ध होतं त्यांच्याशी ते नंतरही निषिद्धच राहतं. ज्या मुलीला जन्मघर कुठलं हेच माहीत नाही तिच्या बाबतीत या एका कलमात किती भय दडलंय, याचा विचार करा.

संस्थेतून होणारं दत्तक २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली होतं आणि केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे लोक ज्याला 'कारा' म्हणतात, त्याचे नियम लागतात. २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात. मूल सोपवणाऱ्या आईला बाल कल्याण समितीसमोर यावं लागतं, आणि त्यानंतर फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात. त्या साठ दिवसांत ती परत येऊन म्हणू शकते, माझं बाळ मला द्या. गुप्तहेर, पाठलाग, पिस्तूल यांची गरजच काय? एक बाई आणि कॅलेंडरवरचे साठ चौकोन, एवढ्यावर कादंबरी होते.

मोठं झाल्यावर मुळं शोधायची तर अठरा पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी दत्तक आईवडिलांसोबत. पण जन्मदात्रीच्या खासगीपणाला धक्का लागता कामा नये, ही त्यात अट आहे, आणि तिसऱ्या कुणालाही हा शोध घेता येत नाही. कारस्थानी दीर कचेरीतून फाइल मिळवतो हे आपल्याकडे नियमात बसत नाही. नियमात न बसणारं जे घडतं ते वेगळंच: नात्यातलं मूल कसलाही कागद न करता घेतलं जातं, दाखल्यावर सरळ घेणाऱ्यांचं नाव लागतं. ते बेकायदा आहे, आणि पुढे मुलाकडे शोधायला फाइलही उरत नाही. मग पुन्हा सगळं गल्लीच्या आठवणीवर येऊन ठेपतं.

या कादंबऱ्यांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच एका गोष्टीचा मला फार राग येतो. खूप लेखक दत्तक मुलाला शेवटी खुनी ठरवतात. 'कुणाचं रक्त होतं कोण जाणे' असं एक पात्र म्हणतं आणि पुस्तक संपतं. वाचकाला गारठवायला हे सोपं आहे. पण हेच वाक्य घेऊन कुणीतरी उद्या एखाद्या बाईला सल्ला देतं, 'परक्याचं घेऊ नको बाई, कसं निघेल सांगता येत नाही'. आणि ते घराबाहेर उभं असलेलं बाळ बाहेरच राहतं. दुसरा तसाच दोष 'खरी आई' या शब्दाचा. जन्म देणारी आई म्हणा, जन्मदात्री म्हणा. खरी-खोटी अशी वाटणी केली की राधा खोटी ठरते, आणि ते कर्णानेही मान्य केलं नव्हतं. जन्मदात्रीला मी कादंबरीत नेहमी शोधते. बहुतेक ठिकाणी ती वेडी असते किंवा मेलेली असते, म्हणजे तिला काही बोलावं लागत नाही. 'मृत्युंजय'मध्ये कुंतीला तिची स्वतःची पानं मिळाली, तिच्याच तोंडून. आज लिहिणाऱ्यांनी निदान त्याहून मागे पडू नये.

काकूंना मी हे सगळं पुढच्या बैठकीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे राजवाड्यात वाजतगाजत, आणि आपल्या घरात दारं लावून." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्या तुझ्या मामाच्या पोरीचं पुढं काय झालं?"

लग्न झालं, छान झालं. त्यानंतर तीन-चार वर्षांनी ती माहेरपणाला आली असताना आम्ही दोघी रंकाळ्यावर बसलो होतो. ओंजळीत भेळेचा कागद होता. मी भीत भीत विचारलं की त्या रात्री तुला कसं वाटलं. ती म्हणाली, "मला दहाव्या वर्षापासनं माहीत होतं." नळावर पाणी भरायला ती गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. बाकीच्या मुलींसाठी थांबत नव्हत्या. त्यावरून तिने ओळखलं, मग एकदा कपाटातले फोटो लावून पाहिले. तिच्या आधीचे आईचे फोटो होते, तिच्यासोबतचे होते, मधले नव्हते. आणि हळदीच्या रात्री मामा-मामी रडत सगळं सांगत होते, तेव्हा तिने पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड केलं होतं.

भेळ संपली तेव्हा कागदाचा बोळा करत ती म्हणाली, "आईला सांगू नको हं. तिला वाटतंय मला त्याच दिवशी कळलं."